लिनक्सवर यूएसबी प्रिंटर हलत नाही? आधी बिघाड नेमका कुठे आहे ते शोधा

गेल्या महिन्यात एका शनिवारी मी बार्शीला मामाकडे गेलो होतो. रात्री पावणेअकराला मामेबहीण हातात मोबाइल घेऊन आली. "दादा, हॉल तिकीट निघत नाहीये." दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी साडेआठला सोलापूरच्या सेंटरवर रिपोर्टिंग. म्हणजे साडेपाचला घर सोडायचं. हॉल तिकिटावर स्पष्ट लिहिलेलं, छापील प्रत आणा, मोबाइलवर दाखवलेली चालणार नाही. आणि बार्शीतली झेरॉक्सची दुकानं त्या वेळी कशाला उघडी असतील?

घरात प्रिंटर होता. ऑल-इन-वन इंकजेट, शाईच्या टाक्यांचा, वाय-फाय नसलेला, फक्त यूएसबी केबलवर चालणारा. कॉम्प्युटरही होता. पण त्यावर दिवाळीत मीच लिनक्स मिंट टाकून दिलं होतं. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि मामाचा 2014 सालचा डेस्कटॉप विंडोज 11 च्या अटींत बसत नव्हता, म्हणून. तेव्हा प्रिंटर नीट चालला होता. आता बहीण चार वेळा प्रिंट दाबून बसलेली, प्रिंटर ढिम्म. मामांनी चष्मा वर करून एकच वाक्य टाकलं, "अरे, ते आधीचं विंडोज बरं होतं."

म्हणजे हॉल तिकिटाबरोबर माझी इज्जतही पणाला लागली होती. त्या रात्री जे जे केलं ते इथे लिहितोय, त्याच क्रमानं. मी मिंटवर केलं, पण उबंटू, डेबियन, फेडोरा कुठेही तुम्ही असाल तरी पद्धत तीच राहते.

एक गोष्ट आधीच सांगतो. लेखात टर्मिनलच्या कमांड देवनागरीत लिहिल्यात, पण टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरंच वापरायची.

कागदापर्यंतचा प्रवास

आपण घाईत काय करतो? प्रिंटर बंद-चालू, केबल काढ-घाल, कॉम्प्युटर रीस्टार्ट, पुन्हा प्रिंट. कधी कधी जमतंही. पण जमलं तर का जमलं ते कळत नाही, आणि नाही जमलं तर पुढे काय करायचं तेही कळत नाही. त्यापेक्षा प्रिंट कुठून कुठून जाते एवढं डोळ्यासमोर आणा.

तुम्ही ब्राउझरमध्ये प्रिंट दाबलं की तो त्या पानाची पीडीएफ बनवतो आणि कप्स नावाच्या सॉफ्टवेअरकडे देतो. कप्स हा लिनक्समधला प्रिंटिंगचा मुकादम समजा. मायकेल स्वीट यांनी 1997 मध्ये त्याचं काम सुरू केलं आणि 1999 मध्ये ते लोकांसमोर आलं. पुढे ॲपलनं ते आपल्या मॅकसाठी घेतलं, आणि 2007 मध्ये त्याचा सोर्स कोडच विकत घेतला. म्हणजे मॅकवरची आणि मामाच्या मिंटवरची प्रिंट मुळात एकाच घराण्यातली.

कप्स ते काम रांगेत लावतं, म्हणजे क्यूमध्ये. मग फिल्टर नावाचे छोटे प्रोग्राम त्या पीडीएफचं तुमच्या प्रिंटरला कळणाऱ्या भाषेत रूपांतर करतात. आपण ज्याला ड्रायव्हर म्हणतो तो मुख्यतः हा भाग. शेवटी बॅकएंड नावाचा भाग तो डेटा यूएसबीवरून प्रिंटरकडे ढकलतो. मग प्रिंटरचं हेड, शाई, कागद.

क्यू, फिल्टर, बॅकएंड, केबल, मशीन. बिघाड यातल्याच कुठल्यातरी ठिकाणी असतो. आणि तपासणी मशीनपासून उलटी सुरू करायची, कारण तिकडच्या चाचण्या अर्ध्या मिनिटात होतात.

मशीन ठीक आहे का?

ऑल-इन-वन असेल तर यूएसबी केबल सरळ काढून टाका. काचेवर एखादा छापील कागद ठेवा आणि मशीनवरचं कॉपीचं बटण दाबा. झेरॉक्स निघाली तर मोटर, हेड, शाई, कागद ओढणारे रोलर सगळं शाबूत आहे आणि प्रश्न कॉम्प्युटरच्या बाजूला आहे. नाही निघाली तर लिनक्सला शिव्या घालण्यात अर्थ नाही, विंडोजवरही निघाली नसती. नुसता प्रिंटर असेल तर बटण दाबून धरून नोझल तपासणीचं पान काढता येतं. कुठलं बटण, ते मॉडेलप्रमाणे बदलतं, मॅन्युअलमध्ये असतं.

मामांच्या मशीनमधून झेरॉक्स निघाली. काळ्या अक्षरांत बारीक पांढऱ्या रेघा होत्या, पण निघाली. रेघांचं नंतर बघू म्हटलं.

कॉम्प्युटरला प्रिंटर दिसतोय का?

केबल परत लावली. टर्मिनल उघडून एलएसयूएसबी ही कमांड द्या. यूएसबीला जोडलेल्या सगळ्या वस्तूंची यादी येते. प्रत्येक ओळीत आयडी पुढे कोलननं जोडलेले दोन आकडे असतात. पहिला कंपनीचा, दुसरा मॉडेलचा. एचपीसाठी 03एफ0, कॅननसाठी 04ए9, एप्सनसाठी 04बी8, ब्रदरसाठी 04एफ9. नाव नीट दिसलं नाही तरी या आकड्यावरून ओळखता येतं.

यादीत प्रिंटर नसेल तर ड्रायव्हर शोधत बसू नका. ज्याचं अस्तित्वच कॉम्प्युटरला माहीत नाही त्याला ड्रायव्हर काय करणार? हा केबलचा, पोर्टचा किंवा पॉवरचा प्रश्न आहे. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टऐवजी मागचा पोर्ट वापरा, मध्ये हब असेल तर काढा, दुसरी केबल लावून बघा. प्रिंटरकडचं चौकोनी टोक अनेकदा बसल्यासारखं दिसतं पण पूर्ण आत गेलेलं नसतं.

आमच्याकडे प्रिंटर यादीत दिसला. म्हणजे केबलही सुटली यादीतून. राहिले तीन संशयित: क्यू, फिल्टर, बॅकएंड.

क्यू उघडा, पण घाईनं सुरू करू नका

मिंटमध्ये मेनूत प्रिंटर्स म्हणून ॲप आहे. त्यात प्रिंटरवर उजवं क्लिक करून क्यू बघता येते. मला मात्र कप्सचं स्वतःचं पान जास्त आवडतं. ब्राउझरच्या पत्त्यात लोकलहोस्ट, कोलन, 631 टाकलं की ते उघडतं. इंटरनेट लागत नाही, ते तुमच्याच कॉम्प्युटरवर असतं. तिथे प्रिंटरची अवस्था आणि कारण दोन्ही शब्दांत लिहिलेलं दिसतं. टर्मिनलवाल्यांनी एलपीस्टॅट लिहून, जागा सोडून, डॅश टी द्यावं. तीच माहिती येते.

इथे सगळ्यात जास्त दिसणारा शब्द म्हणजे पॉज्ड. प्रिंट चालू असताना कुणी भिंतीवरचं बटण बंद केलं, कागद अडकला, केबल निघाली, की कप्स अनेकदा क्यू थांबवून ठेवतं. नंतर मशीन ठीक झालं तरी क्यू आपणहून सुरू होईलच असं नाही. तुम्ही रिझ्यूम म्हणेपर्यंत ती वाट बघत बसते. असंख्य "प्रिंटर खराब झाला" केसेस एवढ्याशा असतात.

पण थांबा. रिझ्यूम दाबण्याआधी क्यूमध्ये काय काय पडलंय ते बघा. आमच्या क्यूमध्ये बहिणीची चार हॉल तिकिटं होतीच, शिवाय मामांनी पंधरा दिवसांत दिलेली लाइट बिलं आणि सोसायटीची 23 पानी नियमावली. सरळ रिझ्यूम केलं असतं तर आधी नियमावली सुरू झाली असती. सगळं कॅन्सल केलं, मग रिझ्यूम, मग एकच हॉल तिकीट.

तरीही काही नाही. फक्त अवस्थेच्या जागी नवीन वाक्य आलं: वेटिंग फॉर प्रिंटर टू बिकम अव्हेलेबल. प्रिंटर उपलब्ध होण्याची वाट बघतोय.

खरं सांगतो, इथे मी दहा मिनिटं अडकलो. एलएसयूएसबी म्हणतंय प्रिंटर समोर आहे. कप्स म्हणतंय प्रिंटरची वाट बघतोय. दोघंही एकाच कॉम्प्युटरवर. मग खोटं कोण बोलतंय?

दोघंही खरं बोलत होते

प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये डिव्हाइस यूआरआय नावाची ओळ असते. हा क्यूसाठीचा पत्ता. यूएसबी प्रिंटरच्या पत्त्यात आधी यूएसबी, मग कंपनी, मग मॉडेल आणि शेवटी बहुतेक वेळा सिरियल नंबर असतो. कप्स त्या पत्त्यावर नुसतं "या मॉडेलचा प्रिंटर" शोधत नाही, तर "या सिरियल नंबरचा प्रिंटर" शोधतं. त्याला कारण आहे. ऑफिसात एकाच मॉडेलचे दोन प्रिंटर एका कॉम्प्युटरला असतील तर कुणाचं काम कुणाकडे द्यायचं ते यावरूनच ठरतं.

मी नवीन प्रिंटर जोडायचा पर्याय उघडला. तिथे समोरच्या मशीनचा पत्ता दिसत होता. दोन्ही पत्ते शेजारी ठेवून वाचले. कंपनी तीच, मॉडेल तेच, सिरियल वेगळा.

"मामा, हा प्रिंटर बदललात का तुम्ही?"

"छे रे, तोच आहे. मागे दुरुस्तीला टाकला होता तेवढाच. आतला बोर्ड बदलून दिला त्यानं."

झालं! सिरियल नंबर सांगतो तो बोर्डच. नवा बोर्ड, नवा नंबर. मशीनचं शरीर तेच, पण कप्सच्या दृष्टीनं हा अनोळखी पाहुणा. जुनी क्यू पंधरा दिवस कधीच न येणाऱ्या प्रिंटरची वाट बघत होती. दुरुस्तीवाल्याची यात काही चूक नाही, त्यानं त्याचं काम चोख केलं होतं.

तुमचा प्रिंटर दुरुस्तीहून आला असेल, वॉरंटीत बदलून मिळाला असेल, किंवा प्रिंटर्सच्या यादीत एकाच नावाचे दोन प्रिंटर दिसत असतील, तर आधी हा पत्ता तपासा. उपाय सोपा आहे. जुनी क्यू काढून नवी जोडा आणि तिलाच डिफॉल्ट करा. जुनी तशीच ठेवली तर ब्राउझर हट्टानं तिच्याकडेच पाठवत राहतो.

ड्रायव्हर निवडताना

नवी क्यू जोडताना ड्रायव्हर विचारला जातो. इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण लोक इथेच सगळ्यात जास्त चुकतात.

साधारण मागच्या दहाएक वर्षांतले बरेच प्रिंटर ड्रायव्हरशिवाय चालतात. आयपीपी नावाची एक सामाईक भाषा आहे, मोबाइलवरून प्रिंट करता तेव्हा हीच वापरली जाते. हीच भाषा यूएसबी केबलवरून बोलायची सोयही आहे आणि त्यासाठी लिनक्समध्ये आयपीपी-यूएसबी नावाचं पॅकेज असतं. मिंटमध्ये ते 21 व्या आवृत्तीपासून सुरुवातीलाच येतं. प्रिंटरला ही भाषा येत असेल तर केबल लावली की झालं.

गंमत अशी की काही मशीन "येते" म्हणतात आणि नीट बोलत नाहीत. आणि आयपीपी-यूएसबीनं एकदा मशीन ताब्यात घेतलं की कंपनीच्या जुन्या पद्धतीच्या ड्रायव्हरला ते सापडत नाही. प्रिंटर दिसतो पण छापत नाही, किंवा स्कॅनरच गायब होतो, असं असेल तर हे पॅकेज काढून, कॉम्प्युटर रीस्टार्ट करून, नेहमीच्या ड्रायव्हरनं प्रिंटर जोडून बघा. मिंटवाल्यांनी स्वतःच हा उपाय सुचवला होता.

जुन्या प्रिंटरांना मात्र ड्रायव्हर लागतो. एचपीसाठी एचपीएलआयपी, जे मिंटमध्ये आधीच असतं. एप्सनच्या इंकजेटसाठी ईएससीपीआर नावाचं पॅकेज सॉफ्टवेअर मॅनेजरमधून मिळतं. कॅनन आणि ब्रदर यांची लिनक्सची पॅकेजेस त्यांच्या वेबसाइटवर असतात. आणि पुष्कळशा जुन्या इंकजेटसाठी गुटेनप्रिंट, जे कंपन्यांनी नाही तर बाहेरच्या लोकांनी बनवलंय. शक्य असेल तिथे तुमच्या लिनक्सच्या भांडारातलंच पॅकेज घ्या. अपडेट आपोआप येतात आणि काढून टाकणंही सोपं.

मॉडेल यादीत तंतोतंत नसेल तर त्याच मालिकेतलं जवळचं चालतं अनेकदा. पण मनाला येईल तो ड्रायव्हर निवडू नका. चुकीच्या भाषेतला डेटा गेला की मशीन त्याला मजकूर समजतं आणि दर पानावर एखादी विचित्र ओळ छापत सुटतं. असं झालं तर आधी ट्रेमधले कागद काढा, मग क्यूतलं काम कॅन्सल करा, मग मशीन बंद करा. उलट्या क्रमानं केलं तर अर्धं रिम गेलंच समजा.

दुसरी नेहमीची तक्रार फिल्टर फेल्ड. याचा अर्थ मशीनपर्यंत गोष्ट पोचलीच नाही, रूपांतर करतानाच गाडी अडली. ड्रायव्हरचं पॅकेज अर्धवट बसलंय, किंवा क्यू ज्या फिल्टरला बोलावतेय तो कॉम्प्युटरवर नाहीच. काही एचपी मॉडेलना वेगळा प्लगइनही लागतो. नुसता अंदाज बांधण्यापेक्षा कप्सच्या त्या 631 वाल्या पानावर ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये डीबगिंग माहिती साठवण्याचा पर्याय चालू करा, एकदा प्रिंट द्या आणि तिथूनच एरर लॉग उघडा. शेवटच्या पन्नास-साठ ओळींत कुठल्या फाइलचं नाव घेऊन रडगाणं चाललंय ते दिसतं. काम झालं की पर्याय बंद करा, नाहीतर लॉग फुगत जातो.

आता प्रिंटरच्या ड्रायव्हरवरून एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1980 च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा लेझर प्रिंटर आला. तो वेगळ्या मजल्यावर होता आणि सारखा अडकायचा. रिचर्ड स्टॉलमन तिथे प्रोग्रामर होते. आधीच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी बदल केला होता, कागद अडकला की वाट बघणाऱ्यांच्या स्क्रीनवर निरोप जायचा. नव्याचं तसंच करायला त्यांना सोर्स कोड हवा होता, तो मिळाला नाही. दुसऱ्या विद्यापीठातल्या एकाकडे तो होता, पण गुप्ततेच्या करारामुळे त्यानंही नकार दिला. याच स्टॉलमननी 1983 मध्ये जीएनयू प्रकल्प जाहीर केला, ज्याच्या खांद्यावर आजचं लिनक्स उभं आहे. स्टॉलमन स्वतः ही प्रिंटरची गोष्ट वारंवार सांगतात. प्रिंटरनं माणसाला किती वैताग आणावा, बघा!

निघालं, पण डोकं कापलेलं

सव्वाबारा वाजता पहिलं पान निघालं. बहीण ओरडलीच. मी कागद हातात घेतला तर वरच्या बाजूची ओळ अर्धी कापलेली, परीक्षेचं नाव अर्धवट.

हा सापळा आपल्याकडच्या लिनक्स वापरणाऱ्यांसाठी खास आहे. इन्स्टॉल करताना आपण भाषा म्हणून अमेरिकन इंग्रजी निवडतो आणि पुढे जातो. मग सिस्टिमला वाटतं आपण अमेरिकेत आहोत, आणि अमेरिकेत कागद लेटर आकाराचा. लेटर 216 बाय 279 मिलिमीटर, आपला ए-फोर 210 बाय 297. लेटर 18 मिलिमीटरनं आखूड. ए-फोरची पीडीएफ त्यावर बसवली की कुठेतरी कापली जाते नाहीतर आक्रसते. काही प्रिंटर तर कागद जुळत नाही म्हणून दिवा लुकलुकवत थांबून राहतात, आणि आपण पोर्ट बदलत बसतो.

दिवाळीत मी जुन्या क्यूला हातानं ए-फोर केलं होतं. नव्या क्यूला करायचं विसरलो. तिच्या प्रॉपर्टीजमध्ये प्रिंटर ऑप्शन्समध्ये मीडिया साइज ए-फोर केला. मग मूळ रोगावरही औषध दिलं: भाषेच्या सेटिंगमध्ये भाषा इंग्रजीच ठेवून प्रदेश भारत केला. यापुढे जोडलेल्या क्यू ए-फोरनंच सुरू होतील. शेवटी ब्राउझरच्या प्रिंट खिडकीतही बघा, तिथे जुनी निवड लक्षात ठेवलेली असू शकते.

मराठी कागदपत्रांबद्दल जाता जाता. हॉल तिकिटासारख्या पीडीएफमध्ये फॉन्ट सहसा आतच भरलेला असतो, त्यामुळे स्क्रीनवर दिसतं तसं छापलं जातं. छापल्यावर जोडाक्षरं तुटत असतील तर प्रिंट खिडकीत इमेज म्हणून छापण्याचा पर्याय मिळतोय का बघा, नाहीतर त्या पानाचं चित्र बनवून ते छापा. पण कुणी श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली वर्ड फाइल पाठवली आणि तुमच्याकडे इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली, तर तो प्रिंटरचा दोष नाही. पाठवणाऱ्याला त्याच्याच कॉम्प्युटरवर पीडीएफ करून पाठवायला सांगा.

रेघा

पान पूर्ण आलं, पण झेरॉक्समध्ये दिसलेल्या त्या पांढऱ्या रेघा आता फोटोवरून गेल्या होत्या. परीक्षकाला चेहरा ओळखू यायला नको का?

इंकजेटच्या हेडमध्ये डोळ्याला न दिसणारी शेकडो छिद्रं असतात, त्यांना नोझल म्हणतात. एचपी आणि कॅनन शाई क्षणभर तापवून बुडबुड्याच्या जोरावर थेंब उडवतात. एप्सन आणि ब्रदर विजेनं आकार बदलणाऱ्या स्फटिकाच्या धक्क्यानं उडवतात. दोन्हीकडे शाई पाण्यासारखी पातळ, आणि मशीन आठवडेच्या आठवडे पडून राहिलं की छिद्रांच्या तोंडाशी ती वाळते. मामांचा प्रिंटर दुरुस्तीहून आल्यापासून एकही पान छापलं नव्हतं. उन्हाळ्यात तर हे अजून लवकर होतं.

आधी नोझल तपासणीचं पान काढा. त्यात जिथे तुकडा गायब, तो रंग तुंबलाय. मग हेड क्लीनिंग. मशीनवरच्या बटणांनी होत असेल तर तेच उत्तम, लिनक्सचा संबंधच नाही. नाहीतर एचपीएलआयपीच्या टूलबॉक्समध्ये तो पर्याय आहे, आणि जुन्या एप्सनसाठी गुटेनप्रिंटबरोबर ईएससीपी-युटिल नावाची कमांड मिळते. क्लीनिंग दोन-तीनदाच करा. प्रत्येक वेळी बरीच शाई खर्च होते आणि ती आतल्या स्पंजमध्ये जाऊन बसते. तो भरला की मशीन काम करायचं थांबतं, आणि ती दुरुस्ती वेगळीच डोकेदुखी. तीनदा करूनही फरक नसेल तर काही तास तसंच सोडा, वाळलेली शाई नरम पडते, मग परत करून बघा.

आम्हाला दोनदा पुरली. एक वाजायला दहा मिनिटं असताना स्वच्छ हॉल तिकीट निघालं. दोन प्रती काढल्या, एक फाइलमध्ये, एक मामांच्या खिशात. मामा विंडोजबद्दल पुढे काही बोलले नाहीत.

"दादा, मोबाइलवरून डायरेक्ट नाही का होत?"

संध्याकाळी पेपर देऊन आल्यावर बहिणीचा प्रश्न. पीडीएफ मोबाइलवर, ती व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवायची, कॉम्प्युटरवर उघडायची, मग प्रिंट. एवढा द्राविडी प्राणायाम कशाला?

होतं की! प्रिंटरला वाय-फाय नसलं तरी कॉम्प्युटरला आहे. कप्सच्या 631 वाल्या पानावर ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये या सिस्टिमला जोडलेले प्रिंटर शेअर करा असा पर्याय आहे, त्यावर टिक करा. प्रिंटरच्या स्वतःच्या सेटिंगमध्येही शेअर्ड चालू हवं. मिंटमध्ये फायरवॉल मुळात बंद असतो. तुम्ही चालू केला असेल तर 631 आणि यूडीपीचा 5353 हे दोन पोर्ट घरच्या नेटवर्कपुरते मोकळे करा.

मग अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये प्रिंटिंग असं शोधा आणि डिफॉल्ट प्रिंट सर्व्हिस चालू करा. फोन आणि कॉम्प्युटर एकाच वाय-फायवर असले की पीडीएफच्या मेनूतल्या प्रिंटमध्ये बहुतेक वेळा घरचा प्रिंटर आपोआप दिसतो. आयफोनवरही वेगळं ॲप लागत नाही. कॉम्प्युटर मात्र चालू हवा, तोच मधला पोस्टमन आहे. प्रिंटर दिसत नसेल तर आधी बघा, फोन राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर तर नाही ना. ते नेटवर्क बाकीच्या उपकरणांपासून मुद्दाम वेगळं ठेवलेलं असतं.

शेअरिंग घरच्याच वाय-फायवर ठेवा, हॉस्टेल किंवा कॅफेच्या नको. आणि यानिमित्तानं एक जुनी बातमी. सप्टेंबर 2024 मध्ये सिमोने मार्गारितेल्ली या इटालियन सुरक्षा तज्ज्ञानं कप्सच्या आसपासच्या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटी उघड केल्या. कप्स-ब्राउज्ड नावाचा भाग 631 पोर्टवर बाहेरच्या कुणाचंही ऐकत होता. त्यातून कुणी खोटा प्रिंटर तुमच्या यादीत घुसवू शकत होतं, आणि तुम्ही त्यावर प्रिंट दिली की त्याची कमांड तुमच्या कॉम्प्युटरवर चालली असती. दुरुस्त्या येऊन गेल्यात, तेव्हा अपडेट केलेले असू द्या. तो भाग नेटवर्कवरचे दुसरे प्रिंटर शोधण्यासाठी असतो. तुमचा एकच प्रिंटर आणि तोही यूएसबीवर असेल तर तो बंद केला तरी चालतं, फोनवरून छापणं अडत नाही. मामांच्या कॉम्प्युटरवर मी तो बंद केलाय.

हे करायला वीस मिनिटं लागली. बहिणीनं सोफ्यावर बसून पहिली प्रिंट दिली ती मैत्रिणीच्या आधार कार्डाची. एरवी अशी कार्डं दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर जातात आणि त्याच्या डाउनलोड फोल्डरमध्ये कायमची पडून राहतात. कप्सही छापलेली फाइल लगेच पुसत नाही, मुळातल्या सेटिंगप्रमाणे एक दिवस ठेवतं, पण ती घरच्याच कॉम्प्युटरवर असते.

निघताना मामांना दोन गोष्टी सांगितल्या. प्रिंटर बंद करताना आधी त्याच्यावरचंच बटण दाबायचं, म्हणजे हेड जागेवर जाऊन झाकलं जातं आणि शाई लवकर वाळत नाही, भिंतीवरचं बटण त्यानंतर. आणि आठवड्यातून एक रंगीत पान छापायचं, काहीही. आता दर रविवारी सोलापूरच्या पेपरातलं शब्दकोडं फोनवरून छापून सोडवणं चालू आहे, असं बहीण सांगत होती.